वर्गातल्या हवेचं माप निविदेत लिहा: पुण्यातल्या शाळांच्या इमारतींविषयी खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका,
भवन रचना, शिक्षण आणि आरोग्य विभागांचे प्रमुख,
तसंच पुण्यातल्या अनुदानित व खासगी शाळांचे संस्थाचालक आणि त्यांचे आर्किटेक्ट यांस

विषय: शाळेच्या प्रत्येक वर्गात माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा, आणि ती मोजून घेण्याबाबत.

स.न.वि.वि.

शाळेच्या इमारतीचं टेंडर निघतं तेव्हा त्यात काँक्रीटची प्रत असते, सळईचा व्यास असतो, फरशीची जाडी असते, रंगाचे किती हात द्यायचे तेही असतं. वर्गात बसणाऱ्या मुलाला श्वासाला किती ताजी हवा मिळेल, हे मात्र लिहिलेलं नसतं. हे पत्र त्या एका ओळीसाठी आहे. वर्ग पूर्ण भरलेला असताना माणशी सेकंदाला किमान १० लिटर बाहेरची हवा आत यायला हवी. ही अट निविदेत घालावी आणि शेवटचं बिल निघण्याआधी ती मोजून तपासावी. हात धुण्याची सोय, पाण्याच्या टाक्या आणि स्वच्छतागृहं यांबद्दलही पुढे लिहिलं आहे, पण पहिली मागणी हवेची.

१० लिटरचा आकडा आमच्या मनचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये घरं आणि दवाखाने सोडून बाकीच्या इमारतींसाठी हाच किमान आकडा सांगितला. अमेरिकेतल्या 'ॲश्रे' या अभियंत्यांच्या संस्थेने २०२३ मध्ये काढलेलं २४१ क्रमांकाचं मानक तर साथीच्या काळात वर्गासाठी माणशी सुमारे २० लिटर हवा मागतं, मग ती बाहेरून आलेली असो वा गाळून शुद्ध केलेली. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकागणिक एक वर्गखोली आहे, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं आहेत, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण आहे. हवेचा आकडा त्यात नाही. म्हणून तो स्थानिक पातळीवर, निविदेत आणि नकाशाच्या मंजुरीत आणावा लागेल.

पुण्याला हे सांगायला नको. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी इथे घेतला, आणि तो एका शाळकरी मुलीचा होता. मार्च २०२० मध्ये राज्यातले कोविडचे पहिले रुग्ण इथेच सापडले. दोन्ही वेळा शाळांना कुलूप लावावं लागलं. साथ आली की शाळा बंद करणं हा एकच उपाय हाताशी उरतो, कारण शाळेची इमारत त्या कामी काहीच मदत करत नाही. आज बांधलेली शाळा पन्नास वर्षं उभी राहणार आहे. या पन्नास वर्षांत गोवर, फ्लू, कांजिण्या, क्षय हे तर येत-जात राहतीलच, आणि ज्याचं नावही अजून कुणाला ठाऊक नाही असं काही येणारच नाही, याची खात्री कोण देणार?

हवेतून पसरणारा आजार बाकांमधलं अंतर मोजत नाही. बोलताना, खोकताना, पाढे म्हणताना तोंडातून निघणारे अतिसूक्ष्म थेंब खोलीत तासन्‌तास तरंगतात. गोवराचा विषाणू आजारी मूल निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो. १९७४ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एका प्राथमिक शाळेत गोवर झालेल्या एका मुलापासून २८ मुलांना लागण झाली, आणि ही मुलं १४ वेगवेगळ्या वर्गांतली होती. तिथली वायुवीजन यंत्रणा तीच ती हवा सगळ्या वर्गांत फिरवत होती. त्या घटनेच्या अभ्यासातूनच बंदिस्त जागेतला संसर्गाचा धोका ताज्या हवेच्या प्रमाणावरून काढायचं गणित रुजलं. तैवानमध्ये तैपेईच्या एका विद्यापीठात क्षयरोगाची साथ आली तेव्हा कोंदट खोल्यांमधला कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत ३,२०० भागांच्या घरात होता. वायुवीजन सुधारून तो ६०० च्या आसपास आणला आणि त्यानंतर संपर्कातल्यांमध्ये नवे रुग्ण निघायचे थांबले. इटलीतल्या मार्के प्रांतात दहा हजारांहून अधिक वर्गांचा कोविडकाळातला अभ्यास आहे. जिथे विद्यार्थ्यामागे सेकंदाला १० लिटरहून जास्त हवा यंत्राने पुरवली जात होती, तिथे वर्गातला संसर्ग किमान ८० टक्क्यांनी कमी आढळला.

यंत्रच लागतं असं नाही. पेरूमधल्या लिमा शहरात रुग्णालयांच्या खोल्या मोजल्या तेव्हा उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत खिडक्या-दारं उघडल्यावर हवा तासाला सुमारे ४० वेळा बदलत होती आणि नव्या इमारतींत १७ वेळा. आपल्या पेठांमधल्या जुन्या शाळा आठवा: उंच छत, दोन्ही बाजूंना खिडक्या, वर झरोके, बाहेर ओसरी. आपण बांधकामात पुढे आलो आणि हवेत मागे गेलो.

आता पुण्यातला नेहमीचा वर्ग घेऊ. लांबी ८ मीटर, रुंदी ६ मीटर, उंची ३.३ मीटर, म्हणजे सुमारे १५८ घनमीटर हवा. आत ४४ मुलं आणि एक शिक्षक. माणशी १० लिटर म्हणजे सेकंदाला ४५० लिटर, तासाला १,६२० घनमीटर. थोडक्यात, खोलीतली सगळी हवा तासाला दहा वेळा बदलायला हवी. हाच वर्ग खिडक्या-दारं लावून बंद केला तर मुलांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड अर्ध्या तासात सुमारे २,००० भागांनी वाढतो. बाहेरच्या हवेत तो ४२० च्या आसपास असतो. म्हणजे पहिला तास संपायच्या आत आकडा २,४०० वर. हा वायू स्वतः आजार पसरवत नाही, पण आपण एकमेकांची उच्छ्वासाची हवा किती घेतोय हे तो बिनचूक सांगतो.

सेकंदाला ४५० लिटरसाठी किती खिडकी लागते? चहूबाजूंनी इमारती असल्या की खिडकीशी वाऱ्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर धरणंच शहाणपणाचं. वारा तिरका येतो हे धरलं तर खरोखर उघडी असलेली जागा ३ चौरस मीटर लागते. तेवढीच समोरच्या भिंतीतही हवी, कारण हवा बाहेर जायला वाट नसेल तर ती आत येत नाही. एकाच भिंतीत खिडक्या असतील तर तितक्याच वाऱ्यात येणारी हवा बरेचदा दहाव्या हिश्शावर येते. मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना वर्ग हा आराखडा इथेच नापास होतो. जागा वाचते हे खरं, पण प्रत्येक वर्गाची एक बाजू अंधाऱ्या बोळाकडे तोंड करून बसते आणि या वर्गाची हवा त्या वर्गात जाते. व्हरांडा एका बाजूला, उघडा, किमान २ मीटर रुंद, असाच आराखडा मंजूर व्हावा.

'उघडी जागा' या शब्दांवर आम्ही अडून आहोत, कारण खरी गफलत तिथेच होते. नकाशात खिडकीचं क्षेत्रफळ दाखवतात, हवा मात्र उघड्या भागातूनच येते. ८ मीटरच्या भिंतीत १.८ बाय १.२ मीटरच्या दोन खिडक्या धरा. कागदावर ४.३ चौरस मीटर. त्या ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग असतील तर एका वेळी निम्मीच उघडते: २.१५. तिसऱ्या ट्रॅकवर डासांची जाळी असेल आणि ती धुळीने भरलेली असेल तर हवा आणखी निम्म्यावर येते. कागदावरचे ४.३ वर्गात पोचेपर्यंत जेमतेम एक उरतात. बिजागरीची, बाहेर उघडणारी पल्ल्याची खिडकी जवळपास पूर्ण उघडते. तिच्या तक्रारी आम्हाला माहीत आहेत: वाऱ्याने पल्ले आपटतात, काचा फुटतात, बिजागऱ्या गंजतात. प्रत्येक पल्ल्याला उघडा धरून ठेवणारा आकडा, स्टेनलेस स्टीलची बिजागरी आणि आतून पक्के गज एवढं केलं की यातल्या बहुतेक मिटतात. व्हरांड्याकडे उघडणारे पल्ले मात्र नकोत, मुलांची डोकी फुटतात. त्या बाजूला २.१ मीटरच्या वर, तुळईखालपर्यंत, ५ मीटर लांबीचे लूव्हर, म्हणजे तिरक्या पात्यांच्या चौकटी, बसवाव्यात. निम्मी जागा पात्यांत गेली तरी दोनेक चौरस मीटर मोकळी उरते, दारावरचा झरोका उरलेलं भरून काढतो.

झरोक्यांना आम्ही फार मोल देतो, आणि ते थंडीमुळे. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या शाळेला पुण्यात पारा १०-१२ अंशांवर असतो. मुलं कुडकुडतात, खिडक्या बंद होतात, आणि खोकल्या-सर्दीचा मोसमही नेमका तोच. झरोका वर असल्याने वारा अंगावर येत नाही, आणि आतली उबदार हवा आपोआप वर जाऊन बाहेर पडते. खाली एक चौरस मीटर आणि दोन मीटर उंचीवर तेवढीच जागा उघडी असेल, आणि आत-बाहेर फक्त ५ अंशांचा फरक असेल, तर वारा अजिबात नसतानाही सेकंदाला सुमारे ३५० लिटर हवा खेळते. ४५ जणांना माणशी पावणेआठ लिटर. फुकट.

आता हेच झरोके वर्षभरात कसे बुजतात ते बघा. आधी पारवे येतात. घाण होते, म्हणून कुणीतरी प्लायवुड ठोकतं. मग त्यावर तक्ते लागतात. त्यासाठी झरोक्याला बाहेरून २५ मिलिमीटर चौकोनांची गॅल्वनाइझ्ड वेल्डमेश सुरुवातीलाच बसवायची. पारवा येत नाही आणि हवा अडत नाही. डासांची बारीक जाळी झरोक्याला नको, ती खालच्या खिडकीला पुरे, आणि काढून नळाखाली धुता येईल अशा चौकटीत. दुसरं, कपाटं. आराखड्यात कपाटाची जागा ठरवली नाही तर ते खिडकीसमोरच येतं, कारण मोकळी भिंत तीच असते. तिसरं, स्मार्ट बोर्ड. पडद्यावर उजेड पडतो म्हणून खिडक्यांना जाड पडदे लागतात, ते दिवसभर ओढलेले राहतात आणि हवाही थांबते. खिडक्या उत्तर-दक्षिण ठेवल्या, छज्जा नीट दिला, फळा खिडकीच्या काटकोनातल्या भिंतीवर घेतला तर पडद्याची गरज बरीच कमी होते. चौथं, पाऊस. पुण्यात पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. त्या बाजूला छज्जा ७५० मिलिमीटर आणि खिडकीच्या कडेला उभी पडदी नसेल तर पहिल्या सरीला वह्या भिजतात, आणि जूनमध्ये बंद झालेली खिडकी गणपतीपर्यंत उघडत नाही. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. खिडकी उघडी ठेवणं सोपं असेल तरच ती उघडी राहते.

रस्त्याचा आवाज आणि धूळ हे खरंच अवघड प्रकरण आहे. सातारा रस्ता किंवा नगर रस्त्यालगतच्या शाळेला 'खिडक्या उघड्या ठेवा' म्हणणं सोपं नाही. जिथे नवीन बांधकाम आहे तिथे रस्त्याच्या बाजूला जिने, कार्यालय, भांडार आणि व्हरांडा घ्यावा, वर्ग मैदानाकडे. जिथे इमारत आधीच उभी आहे तिथे हवा शुद्ध करणारी हेपा फिल्टरची यंत्रं उपयोगी पडतात. त्यांची ताकद तासाला किती घनमीटर हवा शुद्ध होते यावर मोजतात; ५०० ची दोन यंत्रं वर्गाला तासाला सहा वेळा शुद्ध हवा देतात. पण ती पूर्ण वेगावर चालवली तरच, आणि पूर्ण वेगाच्या आवाजाने शिक्षक ती बंद करतात. म्हणून गरजेपेक्षा मोठं यंत्र घेऊन मधल्या वेगावर चालवावं. त्याने कार्बन डायऑक्साइड कमी होत नाही, त्यामुळे तो वायू मोजणाऱ्या मीटरवर फायदा दिसणार नाही, हे तपासणाऱ्याला माहीत हवं.

छताचा पंखा ताजी हवा आणत नाही, आहे तीच फिरवतो. स्प्लिट एसीही तसाच. त्यात बाहेरची हवा शून्य असते आणि थंडावा टिकावा म्हणून खिडक्या बंद होतात, म्हणजे दुहेरी नुकसान. पुण्यात कडक उन्हाचे आठवडे बरेचसे सुट्टीत जातात. त्यासाठी वर्षभर बंद वर्ग घेण्याचं कारण आम्हाला पटत नाही. ज्या संस्थांना एसी हवाच आहे त्यांनी वर्गागणिक तासाला १,६०० घनमीटर बाहेरची गाळलेली हवा देणारी वेगळी यंत्रणा बसवावी आणि तिचा वीजखर्च आधी मोजावा. एक्झॉस्ट पंख्याचं म्हणाल तर एकाच भिंतीत खिडक्या असलेल्या जुन्या वर्गांत तो कामाचा आहे. ३०० मिलिमीटरच्या पंख्याच्या पाटीवर तासाला हजार-दीड हजार घनमीटर लिहिलेलं असतं, बसवल्यावर मिळतं त्याहून कमी, म्हणून दोन धरावेत. चूक होते ती जागेची. पंखा दाराच्या वर बसवला तर तो दारातून आलेली हवाच बाहेर फेकतो आणि मागच्या बाकांवरची तशीच राहते. हवा मुलांवरून ओलांडून जाईल असा, समोरच्या कोपऱ्यात, छताजवळ तो हवा.

बऱ्याच शाळा दोन सत्रांत भरतात. सकाळची मुलं गेली की पंधरा मिनिटांत दुपारची त्याच बाकांवर बसतात. हवा तासाला दहा वेळा बदलत असेल तर त्या पंधरा मिनिटांत जुनी हवा ८ टक्क्यांवर येते. तासाला दोनदाच बदलत असेल तर ६१ टक्के तशीच असते, आणि सकाळच्या वर्गातला गोवर दुपारच्या वर्गाला मिळतो. मधल्या वेळात मावशी झाडून घेतात तेव्हा सगळे पल्ले उघडे आणि पंखे चालू, एवढा नियम फळ्याशेजारी रंगवून ठेवला तरी पुरे.

हातांकडे येऊ. शालेय पोषण आहाराच्या आधी ३०० मुलांनी हात धुवायचे आहेत. एकाला ४० सेकंद लागतात. तीन नळ असतील तर एक तास सात मिनिटं. म्हणजे धुतले जाणारच नाहीत. दहा जागा असतील तर वीस मिनिटं. 'स्वच्छ विद्यालय' उपक्रमातही एका वेळी १० ते १२ मुलांना हात धुता येतील अशी सोय सांगितली आहे. त्यासाठी दहा नळ लागत नाहीत, आणि तोट्या मोडायचा प्रश्नही सुटतो: २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, त्याला ४५ सेंटिमीटरवर एक अशी ३ मिलिमीटरची भोकं, सुरुवातीला एकच व्हॉल्व्ह आणि शेवटी फिरवून काढता येणारं टोपण. बोअरच्या क्षारांनी भोकं बुजतात तेव्हा टोपण काढून तार फिरवायची. पाणी मुलामागे लिटरभर. पहिली ते चौथीसाठी पाइप ६० सेंटिमीटर उंचीवर, मोठ्यांसाठी ८०. साबण जाळीच्या पिशवीत बांधून प्रत्येक दोन भोकांमध्ये एक. ही रांग स्वच्छतागृहाच्या आत नको. जेवायला जायच्या वाटेवर, उघड्यावर, सगळ्यांच्या नजरेसमोर हवी.

स्वच्छतागृहाच्या मुख्य प्रवेशाला दार ठेवू नये. काटकोनात वळणारी आडभिंत पुरते, मग धुतलेला हात पुन्हा कडीला लागत नाही. आतल्या संडासांना अर्थातच दारं आणि आतून कड्या हव्यात. जमिनीला ६० ला १ उतार, कोरडी राहील अशी. हवा वर्गांकडून स्वच्छतागृहाकडे आणि तिथून बाहेर जावी, उलट नव्हे. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून स्वच्छतागृहं पश्चिमेच्या टोकाला घेऊ नयेत.

पाण्याचं २०२५ च्या जानेवारीत पुन्हा कळलं. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) रुग्ण वाढले आणि काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जाणारा जिवाणू सापडला. पाणी ठरावीक वेळ येतं तिथे उरलेल्या वेळात नळ रिकामे असतात, आणि शेजारून गळकं ड्रेनेज जात असेल तर रिकामा नळ ते ओढून घेतो. त्यामुळे शाळेच्या आवारात पाण्याची लाइन ड्रेनेजच्या वरूनच जावी, खालून कधीही नाही. जमिनीखालच्या टाकीचं तोंड आवारापेक्षा ३० सेंटिमीटर उंच असावं, झाकण कुलपाचं असावं आणि ड्रेनेजचे चेंबर उताराच्या खालच्या बाजूला असावेत. रोज सकाळी सगळ्यांत लांबच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरलाय हे रंगावरून दाखवणारी चाचणी, करावी. भारतीय मानकाप्रमाणे क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवा, विषाणूंची भीती असेल तेव्हा ०.५. कमी भरलं तर हजार लिटरला ८ ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर (२५ टक्के ताकदीची) बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं आणि अर्धा तास थांबायचं. पोतं उघडं राहिलं की पावडर निकामी होते. लहान, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. याच टाक्यांच्या ओव्हरफ्लोला जाळी नसेल तर डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तिथे तयार होतो, आणि दिवाळीची सुट्टी त्याहून मोठी असते.

आजारी मुलाला घरचे येईपर्यंत बसवायला तळमजल्यावर, फाटकाजवळ, स्वतःची खिडकी आणि एक्झॉस्ट असलेली एक खोली हवी. मुख्याध्यापकांच्या केबिनमधला कोपरा ही ती जागा नाही.

राहिली मोजणी. इमारत रिकामी असतानाही ती करता येते. खिडक्या लावून पंखे चालू करायचे, कोमट पाण्याच्या परातीत सुमारे ६०० ग्रॅम कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, टाकायचा (जाड हातमोजे घालून, आणि खोलीत कुणी थांबायचं नाही). दहा-पंधरा मिनिटांत कार्बन डायऑक्साइडचा मीटर २,४०० च्या आसपास येतो. मग खिडक्या, झरोके नेहमी राहतील तसे उघडायचे आणि घड्याळ लावायचं. हवा तासाला दहा वेळा बदलत असेल तर सहा मिनिटांत आकडा १,१५० पर्यंत उतरतो. वारा पडलेल्या सकाळी हे करावं, सोसाट्याच्या वाऱ्यात कुठलाही वर्ग पास होतो. मुलं बसायला लागल्यावर तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांत, वर्गाच्या मध्यावर, मीटरभर उंचीवर, कुणाच्याही तोंडापासून हातभर लांब मीटर ठेवून वाचन घ्यावं. प्राथमिकला ९०० आणि माध्यमिकला १,००० ही मर्यादा आम्ही सुचवतो. लहान मुलं वायू कमी सोडतात, त्यांच्या वर्गात १,००० म्हणजे हवा माणशी सातच लिटर. मीटर इन्फ्रारेड सेन्सरचाच घ्यावा, काही हजारांत मिळतो. स्वस्तातले काही दुसऱ्याच वायूंवरून अंदाज बांधतात. जवळ सॅनिटायझर फवारल्यावर आकडा उडाला तर तो परत करावा.

निविदेत घालायचा मजकूर असा असू शकतो: "प्रत्येक वर्गखोलीत परस्परांसमोरच्या भिंतींत प्रत्येकी किमान ३ चौरस मीटर प्रत्यक्ष उघडी जागा असेल, स्लायडिंग खिडकीचे निम्मेच क्षेत्रफळ धरले जाईल, व जाळी असल्यास त्याच्याही निम्मे. किमान १ चौरस मीटर जागा २.१ मीटरच्या वर असेल. ताबा देण्यापूर्वी प्रत्येक मजल्यावरील दोन वर्गांची हवाबदलाची चाचणी कनिष्ठ अभियंता व मुख्याध्यापक यांच्या समक्ष घेऊन मोजमाप पुस्तिकेत नोंदवली जाईल. तासाला १० हवाबदल न मिळाल्यास दुरुस्ती ठेकेदाराच्या किंवा सल्लागाराच्या खर्चाने, ज्याची चूक असेल त्याच्याकडून." खिडक्यांचा प्रकार बदलल्याने पाया बदलत नाही, स्लॅबही नाही.

जुन्या इमारतींत आधी प्लायवुड काढा, कपाटं हलवा, गंजून बसलेले पल्ले सोडवा. मग दारावर झरोका. आरसीसी सांगाडा असेल तर तुळईखालची वीट काढता येते. भार पेलणाऱ्या दगडी-विटांच्या भिंतीला मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय हात लावू नका.

आपल्या १५ क्षेत्रीय कार्यालयांच्या हद्दीत प्रत्येकी एक शाळा निवडून येत्या ऑगस्टमध्ये, जानेवारीत आणि एप्रिलमध्ये तिचे वर्ग मोजावेत आणि आकडे त्या शाळेच्या फलकावर पालकांसाठी लावावेत, ही विनंती. मोजणीचा तक्ता, लूव्हर आणि झरोक्यांची कामाची रेखाचित्रं आणि हात धुण्याच्या पाइपचा तपशील आम्ही विनामोबदला देऊ, आणि पहिल्या मोजणीला मीटर घेऊन हजर राहू.

कळावे,
शाळांच्या इमारतींचं काम करणारे काही वास्तुविशारद, स्थापत्य अभियंते आणि सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातले डॉक्टर,
पुणे